पणजीची पोर्ट आणि वत्सगुल्माची पानगोष्ठी

युरोप पाहायचा तर पासपोर्ट, व्हिसा, लोकरी मोजे आणि डब्यात ठेपले-चटणी लागते, असा आमच्या पिढीचा समज आहे. तो बराचसा खराही आहे. पण युरोपातल्या एका जुन्या शहराचा लहानसा तुकडा आपल्या शेजारी, पणजीत, पडून आहे. तो पाहायला नुसते पाय लागतात. त्याचं नाव फोंताइन्हास. पोर्तुगीज भाषेत याचा अर्थ छोटे झरे, कारंजी.

२०२३ च्या डिसेंबरात लेक, जावई आणि नात यांच्यासोबत मी तिथे पायी हिंडले. आजकाल याला हेरिटेज वॉक म्हणतात. पैसे भरायचे, ठरल्या वेळी ठरल्या जागी उभं राहायचं, मग गाइड आपल्याला गल्ल्यांमधून फिरवतो आणि शेवटी एका जुन्या घराच्या दिवाणखान्यात बसवून वाईन आणि फेणी चाखायला देतो. हे शेवटचं कलम मला आधी कुणी सांगितलं नव्हतं! जावईबापूंनी ते मुद्दामच पोटात ठेवलं असणार. ब्लॉगवरच्या मित्रमंडळींना आणि विशेषतः खामगावच्या वन्संना आधीच सांगून ठेवते, की त्या पेल्याचं काय झालं ते पुढे येईल, एकदम शेवटाकडे उडी मारू नये.

आधी गाव.

पणजी हे मुळात शहर नव्हतं. मांडवीच्या तोंडाशी आदिलशहाचा एक वाडा होता, बाकी खाजण, नारळीची झाडं आणि कोळ्यांची वस्ती. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवे घेतलं तेव्हा राजधानी होती ती आत, नदीकाठी, आज आपण जिला जुनं गोवें म्हणतो तिथे. पुढे तिथे रोगराई इतकी माजली की माणसं शहर सोडून जाऊ लागली. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. नाव दिलं नोव्हा गोवा. म्हणजे ज्याला आपण 'प्राचीन पोर्तुगीज नगर' म्हणून बघायला जातो ते आपल्या वाशीमच्या बालाजी मंदिराच्या फार आधीचं नाही. मंदिरही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलंच. ही तुलना माझ्या डोक्यात पहिल्या पंधरा मिनिटांतच आली आणि मग ती काही जाईना.

आमचा गाइड पंचविशीतला गोंयकार ख्रिस्ती मुलगा. मराठी छान बोलत होता, मधूनच कोंकणीत घसरायचा. सुरुवात त्याने वाड्याजवळच्या पुतळ्यापासून केली. झगा घातलेला एक पाद्री, हात पुढे पसरलेले आणि समोर मागे कलंडलेली एक बाई. अनोळखी माणसाला वाटावं, हा काय प्रकार! तो आबे फारिया. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेला हा गोमंतकीय पॅरिसला गेला आणि संमोहन हे संमोहन करणाऱ्याच्या अंगातल्या शक्तीमुळे होत नसून समोरच्याच्या स्वतःच्या मनामुळे होतं, हे त्याने सांगितलं. १८१९ मध्ये तो तिकडेच वारला. ड्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'मधला तुरुंगातला पाद्री आठवतो का? त्याचं नाव या फारियावरूनच. पुतळा मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला, १९४५ चा. मला तो फार आवडला. बहुतेक पुतळे नुसते उभे असतात, या पुतळ्यात काहीतरी घडतंय.

तिथून चालत आम्ही फोंताइन्हासला आलो. एका बाजूला आल्तिन्योची टेकडी, दुसऱ्या बाजूला ओरेंची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही वस्ती. अठराव्या शतकाच्या अखेरीला सिकेरा नावाच्या एका माणसाने इथे माड लावले. तो मोझांबिकला राहून पैसा कमावून आलेला, म्हणून लोक त्याला 'मोस्मीकार' म्हणत. (आपल्याकडे नाही का, मुंबईला चार वर्षं काढून आलेल्याला जन्मभर 'मुंबईवाला' म्हणतात!) मग माडांची जागा घरांनी घेतली. पिवळी, निळी, तांबडी, हिरवी घरं. कडांना पांढरे पट्टे. पांढरा रंग फक्त चर्चने लावायचा, घरांनी नाही, असा तेव्हा दंडक होता म्हणे. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेले. त्यातून आत येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. रस्त्यांची नावं निळ्या-पांढऱ्या फरशीवर लिहिलेली. आणि टेकडीच्या अंगावर, या सगळ्या लिस्बनी थाटाच्या डोक्यावर, आपला मळ्यावरचा मारुती! तो पाहिल्यावर मला आपण परदेशात नाही याची खात्री पटली.

एका रस्त्याचं नाव आहे रुआ ३१ द जानेरो. म्हणजे ३१ जानेवारी रस्ता. आमच्यातल्या एकाने विचारलं, कुणाची पुण्यतिथी का? तर ती तारीख १८९१ सालची. त्या दिवशी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध पहिला उठाव झाला. तो काही तासांतच मोडला गेला. पण पुढे १९१० मध्ये तिकडे प्रजासत्ताक आलं तेव्हा या फसलेल्या उठावाची आठवण गावोगावच्या रस्त्यांना दिली गेली. गोमंतकाला मात्र त्या प्रजासत्ताकाने स्वातंत्र्य काही दिलं नाही. त्यासाठी १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. पाटी अजून तशीच आहे. ती तशीच राहावी असं मला वाटतं. पाट्या पुसल्या की पोरांना प्रश्न पडायचे थांबतात.

पोर्तो हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

या गल्ल्यांच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल आहे, पांढरंशुभ्र. आत एक मोठा क्रूस. गाइडने आवाज थोडा खाली आणून सांगितलं, "हा क्रूस आधी जुन्या गोव्यात होता, मग पणजीच्या वाड्यात होता आणि १९१८ मध्ये इथे आणला. इतर ठिकाणी येशूची मान खाली आणि डोळे मिटलेले असतात, इथे मान वर आणि डोळे उघडे आहेत." एवढं बोलून तो पुढच्या घराच्या सज्जाकडे वळला. सगळे फोटो काढत त्याच्या मागे गेले.

मी तिथेच थांबले. जुन्या गोव्यात होता म्हणजे कुठे होता? तो इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. धर्मचौकशीच्या न्यायालयात. लोक त्या इमारतीला 'व्होडलें घर' म्हणत, मोठं घर. नाव घ्यायचीही भीती वाटायची, म्हणून नुसतं 'मोठं घर'. ज्याची चौकशी चाले त्याच्यासमोर हे उघडे डोळे असत. १५६० मध्ये हे न्यायालय गोव्यात सुरू झालं. बाटलेल्या माणसाने चोरून आपले जुने देव पुजले, जुने सण पाळले, घरात जुन्या रीतीने लग्न लावलं, की त्याला तिथे ओढत. शार्ल देलाँ नावाचा एक फ्रेंच डॉक्टर या कैदेतून सुटला आणि त्याने १६८७ मध्ये आपली हकीकत छापली, म्हणून जगाला आतलं थोडंफार कळलं. आणि आपल्या मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे यावरचा मूलभूत अभ्यास अनंत काकबा प्रियोळकरांनी केला. 'द गोवा इन्क्विझिशन' हे त्यांचं पुस्तक १९६१ चं, गोवा मुक्त झालं त्याच सालचं. प्रियोळकर म्हटले की आम्हा मराठीवाल्यांना क्रिस्तपुराण आणि मुद्रणाचा इतिहास आठवतो. पण कागद तपासून हे कठीण प्रकरण मांडणं हेही त्यांचंच काम.

बाहेर आल्यावर मी गाइडला बाजूला घेऊन विचारलं, "बाळा, तू हे सगळ्यांना का सांगत नाहीस?"

तो हसला नाही की चिडलाही नाही. म्हणाला, "आजी, ग्रुपमध्ये सगळ्या तऱ्हेचे लोक असतात. दोन वाक्यांत सांगितलं तर भांडण होतं. आणि नीट सांगायचं तर एक तास लागतो. माझ्याकडे दीड तास आहे आणि त्यात फेणी पण आहे."

मग थोडं चालल्यावर आपणहून म्हणाला, "आमच्या घरातून अजून जत्रेला देवीकडे तेल जातं. पाद्रीबाबाला ठाऊक आहे. पपा म्हणतात, आम्ही बाटलो, देवी थोडीच बाटली?"

मंडळी, मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं. चारशे वर्षांचं ओझं इतक्या कमी शब्दांत मांडलेलं मी क्वचितच ऐकलं असेल. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, हे आपण पुस्तकात वाचतो. देव रात्री नेले, भक्त काही गेले, काही राहिले. राहिले त्यांचं काय झालं, त्यांनी मनात काय सांभाळलं, हे एका बुधलीभर तेलात होतं.

मला त्या पोराला दोष द्यायचा नाही. फिरायला आलेल्यांना सुंदर दाखवायचं, कडू टाळायचं, ही त्या धंद्याची रीत आहे. पण गंमत बघा, ज्या गोष्टीसाठी तो घाई करत होता तीच गोष्ट आम्हाला परत त्या क्रूसापाशी घेऊन आली. ती कशी, ते सांगते.

दिवाणखाना उंच छताचा. लाकडी तक्तपोशी, वेताने विणलेल्या खुर्च्या, भिंतीवर मिशाळ पूर्वज. टेबलावर बेबिंकाचे तुकडे, काजू आणि आमच्या शाकाहारी मंडळींसाठी चीज. आधी फेणी आली. काजूची बोंडं तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा, मग भट्टी लावायची. पहिल्या धारेची ती उर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, पण त्याची दारू काढायची अक्कल गोंयकाराची. २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचं पेय म्हणून मान दिला. मला आपल्या विदर्भातली मोहाची आठवली. तीही एका झाडाचीच, तीही पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाचीच. पण फेणी दिवाणखान्यात आली आणि मोहाची मात्र पोलिसांच्या पंचनाम्यात राहिली. असो. फेणीचा वास घेऊनच मी पेला जावईबापूंकडे सरकवला. त्यांनी सासूबाईंची आज्ञा लगेच पाळली.

मग आली लाल, गोड, दाट पोर्ट वाईन. गोव्यात जी पोर्ट म्हणून विकतात ती काही अस्सल नव्हे, हे गाइडने प्रामाणिकपणे सांगितलं. अस्सल पोर्ट येते ती पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातून, आणि तिचं नाव पडलं पोर्तो या बंदरावरून. तेच ते ३१ जानेवारीवालं पोर्तो! दोरूच्या डोंगरउतारावर द्राक्षं पिकायची, पिंपं होड्यांतून खाली यायची आणि इंग्रज व्यापारी ती विलायतेला न्यायचे. प्रवासात नासू नये म्हणून तिच्यात ब्रँडी मिसळायची पद्धत पडली, तीच पुढे तिची चव झाली. या व्यापारात भेसळ इतकी वाढली की १७५६ मध्ये पोर्तुगालच्या मुख्यमंत्र्याने कायदाच केला. या हद्दीतल्या द्राक्षांची तीच पोर्ट, बाकी नाही. जगातल्या अशा अगदी पहिल्या आखीव हद्दींपैकी ही एक. तो मुख्यमंत्री म्हणजे मार्क्विस पोंबाल. १७५५ च्या भूकंपात जमीनदोस्त झालेलं लिस्बन ज्याने पुन्हा उभं केलं तो.

नाव ऐकलं आणि मी पेला खाली ठेवला. कारण पोंबालचं आणखी एक काम मला पाठ होतं. याच पोंबालने १७७४ मध्ये गोव्यातलं इन्क्विझिशन बंद केलं! १७७७ मध्ये राजा मेला, पोंबालची सत्ता गेली आणि लगेच १७७८ मध्ये ते न्यायालय परत उघडलं. कायमचं बंद झालं १८१२ मध्ये. पोंबाल काही संत नव्हता. लिस्बनमध्ये विरोधकांना त्याने फार क्रूरपणे संपवलं आणि जेझुइटांना १७५९ मध्ये हाकललं ते काही मानवतेच्या कळवळ्याने नव्हे. त्याला राज्यात राजाखेरीज दुसरी सत्ता नको होती, मग ती वाईनच्या व्यापाऱ्यांची असो की पाद्र्यांची. पण हा पेला आणि तो उघड्या डोळ्यांचा क्रूस यांना जोडणारा माणूस एकच, हे खरं. मी हे गाइडला सांगितलं तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकून बसला. म्हणाला, "आजी, परत सांगा. साल कुठलं म्हणालात?" मग त्याने ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मला वाटतं आता त्याला चॅपेलपाशी दोन वाक्यांत काय सांगायचं ते सापडलं असेल. वाईनकडून गेलं की भांडण होत नाही.

आणि हो, वन्सं, मी एक घोट घेतला. चव कशी? अगदी द्राक्षासवासारखी! लहानपणी अशक्तपणा आला की वैद्यबुवा जेवणानंतर दोन चमचे समभाग पाण्यातून द्यायचे, तेच ते. त्यातही आपोआप तयार झालेला मद्यांश असतो, बाटलीवर तसं छापलेलंच असतं. तेव्हा आपल्या घराण्यात वाईन नव्हती असं यापुढे कुणी म्हणू नये. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तिथेही द्राक्षासव घराघरांत असेल.

हे लिहिता लिहिता मूळ मुद्द्यावर येते. परतीच्या वाटेवर नातीने विचारलं, "आजी, वाशीमला असा वॉक का नाही?" तिला वाटलं मी म्हणेन, तिथे आहे काय बघायला. पण प्रश्न उलटा आहे. वाशीमला सांगण्यासारखं इतकं आहे, आणि दाखवायला भिंत नाही.

वाशीम म्हणजे वत्सगुल्म. पणजीला शहर म्हणावं त्याच्या चौदाशे वर्षं आधी हे राजधानीचं नगर होतं. वाकाटकांच्या दोन शाखा, एक नंदिवर्धनची आणि एक वत्सगुल्मची. आपल्या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन, चौथ्या शतकातला. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती, याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीमलाच सापडला. तो वत्सगुल्माहूनच दिलेला आहे, वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात. पुढे पाचव्या शतकात हरिषेण झाला, ज्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. आणि राजशेखराने आपल्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते कुठे? तर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात! म्हणजे साहित्याचं सासर-माहेर काय असेल ते असो, मांडव वाशीमला पडला होता. प्राकृतात वैदर्भी रीतीला 'वच्छोमी' म्हणत, ते आपल्याच गावाच्या नावावरून. शाळेत हे सांगताना मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

आता वाईनचं बघू. सर्वसेन नुसता राजा नव्हता, कवी होता. 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य त्याने रचलं. कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला, ती कथा. कुंतकासारख्या चोखंदळ टीकाकाराने त्याचं नाव कालिदासाबरोबर घेतलं आहे. हे काव्य आज नाही. इतर पंडितांनी उदाहरण म्हणून घेतलेले श्लोक तेवढे वाचले. पण हेमचंद्राच्या ग्रंथावरून कळतं की त्यात नगर, ऋतू, सूर्यास्त अशी महाकाव्याला साजेशी वर्णनं होती, आणि त्यात एक वर्णन मद्यपानाच्या मेजवानीचंही होतं. पानगोष्ठीचं! वाशीमच्या राजाने, वाशीमच्या दरबारात बसून, वाईन पिण्याच्या बैठकीवर कविता केली. ती बैठक गेली, कविताही गेली, राहिली ती यादीतली एक नोंद.

हे लोक काय पीत असतील, याचा थोडाफार अंदाज इतर पुस्तकांवरून येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूच्या खात्याला वेगळा अधिकारी आहे, सुराध्यक्ष. द्राक्षाच्या रसाचं ते 'मधु', असं तो सांगतो, आणि त्याची दोन नावं देतो, कापिशायन आणि हारहूरक. दोन्ही मुलखांवरून पडलेली. कापिशी म्हणजे काबूलजवळचं बेग्राम. पाणिनीलाही कापिशी ठाऊक होती. पोर्तोवरून पोर्ट, तसं कापिशीवरून कापिशायन. गावाचं नाव बाटलीला चिकटण्याचा प्रकार आपल्याकडे किती जुना आहे पाहा. शिवाय वात्स्यायन. त्याच्या पुस्तकाचं नाव वर्गात घेता यायचं नाही, पण नागरकाच्या दिनक्रमाचा त्यातला भाग कुठल्याही इतिहासाच्या मास्तरने वाचावा असा आहे. एकमेकांच्या घरी पानगोष्ठी करायच्या, मधु, मैरेय, सुरा, आसव प्यायचं, सोबत खारट, तिखट, आंबट, कडू तोंडीलावणी आणि फळं. म्हणजे चाखणा! संस्कृतात त्याला उपदंश म्हणतात. या पुस्तकात वत्सगुल्माच्या लोकांचा उल्लेखही आहे, मात्र तो ज्या प्रकरणात आहे ते इथे नको, नातवंडं ब्लॉग वाचतात.

बाहेरची वाईनही आपल्याकडे येत होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाश्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाईन आहे, त्यातही इटलीची पसंतीची. तिथून माल पैठणला आणि तेरला जायचा-यायचा. नेवाशाच्या उत्खननात ती आणायच्या निमुळत्या बुडाच्या कुंभांची खापरं सापडली. ते सातवाहनांचे दिवस. वाकाटकांच्या काळातलं पाहायचं तर अजिंठ्याला जावं. पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोपी आणि लांब अंगरखा घातलेला एक दाढीवाला परदेशी हातात पेला घेऊन बसला आहे, सेवक सुरई घेऊन उभे आहेत. पूर्वी त्याला इराणचा बादशहा खुश्रू म्हणत आणि चित्र सातव्या शतकातलं धरत. आता पुष्कळ अभ्यासक ते लेणं हरिषेणाच्या काळातलं मानतात. तसं असेल तर हा इराणी पाहुणा ज्या राजाच्या मुलखात पेला उंचावून बसला आहे, त्या राजाची राजधानी आपलं वाशीम!

तर हे असं आहे. फोंताइन्हासला रंगवलेल्या भिंती आहेत आणि त्यांच्यामागची गोष्ट दोन वाक्यांत उरकली जाते. आपल्याकडे गोष्ट आहे, भिंत जमिनीखाली कुठेतरी. ताम्रपटातलं वत्सगुल्म आपण रोज तुडवतो, सायकलवरून, ऑटोतून, बाजाराच्या पिशव्या सांभाळत. मुलांना मात्र 'वाशीमला काय आहे' असं विचारलं की ती १ जुलै १९९८ ला जिल्हा झाला एवढं सांगतात.

नातीने परतल्यावर एका कागदावर वाशीमच्या वॉकचा रस्ता आखला आहे. सुरुवात बालाजी मंदिरापासून. ते भवानी काळूंनी बांधलं, नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत. तिथून देवतळं. मग पद्मतीर्थ, जिथे महात्म्यातल्या तीर्थांची गोष्ट सांगायची, वत्सऋषीच्या आश्रमाभोवती देव जमले म्हणून वत्सगुल्म, ती. ताम्रपट आणि राजशेखर कुठे सांगायचा यावर आमचा वाद आहे. ती म्हणते तळ्याच्या पायऱ्यांवर बसून, मी म्हणते चालता चालता, भर बाजारात, कारण राजधानी नेमकी कुठे होती ते दाखवता येत नसेल तर ती सगळ्या गावाखाली आहे असं समजून सांगावं. अजिंठ्याच्या त्या इराण्याचा फोटो ती मोठा करून आणणार आहे. सर्वसेनाचं हरवलेलं काव्य मी सांगेन, नसलेल्या वस्तूबद्दल बोलायची सवय मास्तरांनाच असते.

कारंज्याचा दुसरा वॉक नंतर ठरवू. तिथे दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस अशा चार वेशी आहेत, जुने वाडे आहेत, सांगायला दिवस पुरायचा नाही.

दिवाळीला येणाऱ्या सगळ्यांनी चालता येतील अशा चपला आणाव्या. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बालाजीच्या दारात जमायचं आहे. साडेआठनंतर ऊन लागतं आणि जावई मंडळी उठत नाहीत, म्हणून वेळ पाळावी. शेवटी चाखायला द्राक्षासव ठेवलं आहे, मोठ्यांना दोन चमचे. उपदंश म्हणून चिवडा.